संगणक रांगतोय? बंद करू नका, आधी कामाची पाळी बदला

पीक विम्याची मुदत संपत आली की सेवा केंद्रावर गर्दी होते आणि नेमका तेव्हाच संगणक रांगायला लागतो. काही जणांनी जुन्या मशीनवर उबुंटूसारखं लिनक्स टाकून घेतलंय. तिथंही वैतागून बटण दाबून मशीन बंद केलं जातं. मागं स्कॅन केलेल्या कागदांची झिप चालू असते, ती अर्धवट राहते. ते काम मारायची गरजच नसते, नुसतं मागं सरकवलं तरी भागतं.

ही सोय मूळ युनिक्सची. युनिक्स १९६९ साली अमेरिकेत बेल लॅब्जमध्ये सुरू झालं. एकाच मशीनवर अनेक जण काम करायचे, म्हणून जड काम असणाऱ्यानं इतरांना वाट द्यावी, यासाठी 'नाइस' ही आज्ञा आली. लिनक्समध्ये प्रत्येक कामाला उणे २० ते १९ मधला एक आकडा असतो. नेहमीचा ०. आकडा जेवढा मोठा तेवढं काम मागं. कालव्याच्या पाण्यासारखं समजा, १९ वाला टेलचा शेतकरी. फरक एवढाच की इथं वरच्याला पाणी नको असलं की टेलवाल्याला पूर्ण मिळतं. आपल्या कालव्यावर तसं होत नाही, तो भाग निराळा.

चालू कामाचा आकडा बदलायला टर्मिनल उघडून 'टॉप' ही आज्ञा द्या. सीपीयू जास्त खाणारं काम वरच दिसेल. डावीकडचा पीआयडी बघा, 'आर' दाबा, पीआयडी टाकून एंटर, मग १० टाकून एंटर. अक्षरं इंग्रजी लहान लिपीतली, आकडेही इंग्रजीच. 'एनआय' रकान्यात १० दिसलं की झालं, 'क्यू' दाबून बाहेर या. 'रीनाइस' आज्ञेनंही हेच होतं.

एक ध्यानात ठेवा. साध्या लॉगिनवर फक्त स्वतःच्या कामाचा आकडा बदलतो, तोही वाढवताच येतो. परत कमी करायला 'सुडो' लागतं. सुडो हातात आहे म्हणून फॉर्मच्या ब्राउझरला उणे २० देऊ नका, बाकीचं मशीन अडखळेल.

काही नव्या लिनक्सवर प्रत्येक खिडकीच्या कामांचा वेगळा गट धरला जातो, तिथं फरक कमी जाणवेल. आणि रॅम भरली असेल किंवा सरकारी पोर्टलच झोपलं असेल, तर नाइस काय करणार? हार्ड डिस्क घरघरत असेल तर 'आयओनाइस' ही वेगळी आज्ञा आहे.

पुढच्या वेळी झिपच्या आज्ञेआधी 'नाइस' लिहा, काम सुरूच १० वर होईल.