रोमच्या गरुडाच्या तीन जागा

इंग्लंडमधल्या रेडिंगच्या वस्तुसंग्रहालयात कांस्याचा एक गरुड आहे. उंची जेमतेम १५ सेंटीमीटर, पंख तुटून गेलेले. पण मानेची ऐट आणि अंगावरची कोरीव पिसं अजून शाबूत आहेत. १८६६मध्ये सिल्चेस्टरच्या रोमन नगराचं उत्खनन करताना रेव्हरंड जॉइस यांना तो सापडला. हे एखाद्या लीजनचं, म्हणजे सुमारे पाच हजार सैनिकांच्या दलाचं निशाण असावं, असं त्यांना वाटलं. याच गरुडावरून रोझमेरी सटक्लिफ यांना ‘द ईगल ऑफ द नाइन्थ’ ही १९५४ची कादंबरी सुचली.

जॉइस यांना असं वाटणं स्वाभाविकच होतं. इ.स.पू. १०४मध्ये सेनापती मारिअसने लांडगा, घोडा, रानडुक्कर वगैरे जुनी निशाणं बाजूला सारली आणि काठीवरचा गरुड हेच लीजनचं मुख्य निशाण ठरवलं. छावणीत त्याचं स्वतंत्र देवघर असे. सणावाराला त्याला सुगंधी तेल लावत. तो शत्रूच्या हाती पडणं ही साऱ्या रोमची नामुष्की. इ.स. ९मध्ये ट्यूटोबर्गच्या जंगलात जर्मन टोळ्यांनी तीन लीजन कापून काढल्या. त्यांचे गरुड परत मिळवायला तीस वर्षांहून अधिक काळ गेला आणि त्या लीजनचे क्रमांक पुन्हा कुठल्याच दलाला दिले गेले नाहीत.

सिल्चेस्टरचा गरुड मात्र लढाईवर गेलेला नसावा. त्याच्या पायांची वळणदार ठेवण पाहून अभ्यासक म्हणतात, की तो गोलावर बसवलेला असावा आणि तो गोल ज्युपिटरच्या किंवा सम्राटाच्या पुतळ्याच्या हातात असावा. ज्युपिटर म्हणजे आकाशाचा आणि विजेचा स्वामी. गरुड हा त्याचा पक्षी, त्याचं वज्र वाहणारा. वीज गरुडाला कधी मारत नाही, अशी रोमन लोकांची समजूत लेखक प्लिनीने नोंदवून ठेवली आहे. सैन्याच्या गरुडाला मान मिळाला, त्यामागेही हेच दैवत उभं होतं.

तिसरी जागा मृत्यूपाशी. सम्राटाच्या चितेवरून गरुड उडवत, म्हणजे त्याचा आत्मा देवलोकी पोचला असं मानलं जाई. रोममधल्या सम्राट टायटसच्या कमानीखाली उभं राहून वर पाहिलं, तर गरुडावर बसून निघालेला टायटस आजही दिसतो. लंडनमध्ये २०१३मध्ये मिळालेला, चोचीत साप धरलेला चुनखडीचा गरुडही एका श्रीमंताच्या समाधीचा भाग असावा. तो नगराबाहेरच्या रोमन दफनभूमीत सापडला, म्हणूनच त्याचा असा अर्थ लावता आला.

पक्षी एकच, पण काठीवर तो दलाची अब्रू, देवाच्या हाती सत्ता आणि समाधीवर सद्गतीची आशा. म्हणून चोरून उकरलेली आणि बाजारात विकलेली मूर्ती पाहून हळहळ वाटते. धातू आणि कारागिरी हाती उरते, पण ती कुणी, कशासाठी घडवली होती हे सांगणारी माती मात्र कायमची हरवते. प्राचीन वस्तू जपायची असेल, तर तिची जागाही तितक्याच काळजीने जपायला हवी.