अ‍ॅल्युमिनियमचा नॉब : कातकामापासून रंगापर्यंत

अ‍ॅम्प्लिफायरचा अ‍ॅल्युमिनियमचा नॉब गावातल्या साध्या लेथवर उत्तम होतो. कणकवली परिसरात गणेशोत्सवातल्या डबलबारी भजनांपासून दशावतारापर्यंत ध्वनियंत्रणा सतत फिरती असते. या धावपळीत प्लॅस्टिकचे नॉब दांड्यावर सैल होतात, तडकतात. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर तयार नॉब मिळतात, पण जुन्या सेटला नेमक्या मापाचा नॉब हवा असेल तर तो करून घेणेच बरे.

अ‍ॅल्युमिनियम हा धातू या भागाला परका नाही. फोंडाघाट चढून राधानगरी तालुक्यात गेले की दुर्गमानवाडी लागते. तिथले बॉक्साइट, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमचे खनिज, हिंदाल्कोच्या बेळगावच्या कारखान्याला पुरवले गेले. नॉबसाठी 6061, 6063 किंवा 6082 या जातीचा गज घ्यावा. स्कूटरच्या इंजिनाचे ओतीव भाग वितळवून केलेला धातू टाळावा, कारण त्यातल्या सिलिकॉनमुळे अ‍ॅनोडायझिंगनंतर, म्हणजे विजेच्या साह्याने ऑक्साइडचा थर चढवल्यावर, रंग काळपट येतो.

कामाचा जीव भोकात आहे. बहुतेक व्हॉल्यूम कंट्रोलचा दांडा 6 मिलिमीटरचा असतो, जुन्या अमेरिकी यंत्रांत पाव इंचाचा, म्हणजे 6.35 मिलिमीटरचा. 6 चे ड्रिल थेट चालवले तर भोक थोडे मोठेच पडते, म्हणून 5.8 चे ड्रिल मारून 6 चा रीमर फिरवावा. बाहेरचा व्यास आणि भोक चकातून गज न काढता एकाच पकडीत करावे. पकड बदलली की केंद्र हलते आणि नॉब फिरताना डुलतो. चकाकीने हा दोष झाकला जात नाही. मागच्या बाजूला कंट्रोलच्या नटासाठी सुमारे 14 मिलिमीटरचा खळगा ठेवला की नॉब पॅनेलला टेकून बसतो. नॉब दांड्यावर आवळणाऱ्या ग्रब स्क्रूसाठी बाजूने 2.5 चे भोक पाडून एम-3 चा टॅप चालवावा. कातताना टूलच्या टोकाला धातू चिकटतो. त्यावर रॉकेलचे थेंब सोडणे हा उपाय पुरेसा आहे. लेथ नसेल तर गज बोल्टवर घट्ट बसवून ड्रिल मशीनमध्ये फिरवता येतो आणि कानशीने आकार देता येतो, मात्र भोकाची अचूकता तेवढी राहत नाही.

पृष्ठभागासाठी 320 पासून 1000 पर्यंतचे पाण्याचे पॉलिश पेपर क्रमाने वापरावेत. नुसता बफ मारलेला नॉब किनाऱ्याजवळच्या खाऱ्या, दमट हवेत लवकर निस्तेज होतो. त्यामुळे कोकणात अ‍ॅनोडायझिंग हा शोभेचा नव्हे, गरजेचा भाग ठरतो. यात सुमारे 15 ते 18 टक्के गंधकाम्लात नॉब धन टोकाला अ‍ॅल्युमिनियमच्याच तारेने टांगतात आणि ऋण टोकाला शिशाचा पत्रा लावतात. 25 मिलिमीटर व्यासाच्या आणि 20 मिलिमीटर उंचीच्या नॉबला सुमारे 0.4 अँपिअर प्रवाह लागतो. पाऊण तासात 20 मायक्रॉनच्या आसपास थर चढतो. द्रावण 20 अंश सेल्सिअसजवळ राहिले पाहिजे. उन्हाळ्यात इथले पाणीच त्याहून गरम असते, म्हणून टाकी बर्फात ठेवावी. नाहीतर थर मऊ आणि भुकटीसारखा होतो. आम्ल नेहमी पाण्यात ओतावे, पाणी आम्लात कधीही नाही. चष्मा व हातमोजे घालावेत आणि हायड्रोजन सुटत असल्याने काम मोकळ्या हवेत करावे.

ताजा थर सच्छिद्र असतो. त्याच अवस्थेत तो अ‍ॅनोडायझिंगच्या रंगात बुडवावा. कापडाचे रंग उन्हात टिकतीलच असे नाही. नंतर जवळजवळ उकळत्या शुद्ध पाण्यात अर्धा ते पाऊण तास ठेवला की छिद्रे मिटतात आणि रंग आत बंदिस्त होतो.

नॉब बसवण्याआधी कंट्रोलची धातूची बॉडी चॅसीला आणि चॅसी अर्थला जोडलेली आहे ना, हे तपासावे. जोडणी नसेल तर नॉबला हात लागताच गुणगुण वाढते. काही जुन्या व्हॉल्व्ह रेडिओंत ट्रान्सफॉर्मर नसतो आणि चॅसी थेट मेनशी जोडलेली असते. तिथे दांड्यातही वीज उतरू शकते. अशा सेटवर धातूचा नॉब बसवू नये, प्लॅस्टिकचाच ठेवावा.