तंदूरच्या मडक्याभोवती काय भरावे?

वेरूळ-खुलदाबाद रस्त्यावरील हॉटेलवाल्या बंधूंचा धंदा गिऱ्हाइकांच्या लाटेवर चालतो. लेणी मंगळवारी बंद. इतर दिवशी बस येऊन थांबली की साऱ्यांना एकाच वेळी गरम रोटी हवी, आणि पुढचा तासभर कोणी फिरकत नाही. तंदूर मात्र मधल्या वेळातही तापता ठेवावा लागतो. आमच्या मते नफा गळतो तो याच रिकाम्या तासांत, आणि त्याचे कारण बहुधा मडक्याच्या बाहेरच्या पोकळीत असते.

नान-कलियाची परंपरा मुहंमद तुघलकाने १३२७ साली दौलताबादला राजधानी हलवली त्या काळापर्यंत नेऊन भिडवली जाते. त्या नानचा तंदूर काय किंवा ढाब्यावरचा साधा तंदूर काय, रचना तीच: आत मातीचे मडके, बाहेर विटांची चौकट, मध्ये पोकळी. जुने मडके तडकले की कारागीर नवे आणून त्याच चौकटीत बसवतो आणि पोकळीत हाताला येईल ते भरतो. बहुतेक वेळा वाळू, विटांचे तुकडे, मीठ, फुटकी काच. आमच्या भागात काळ्या दगडाची खडीसुद्धा.

येथेच हिशेब चुकतो. उष्णता साठवणे वेगळे आणि उष्णता अडवणे वेगळे. वेरूळची लेणी ज्या काळ्या दगडात कोरली तो घट्ट आणि जड. तो उष्णता पितो व बाहेर नेतो. कोरडी राख त्याच्या दहावा हिस्साही उष्णता वाहत नाही, कारण तिच्यात हवा अडकलेली असते. नान भिंतीला चिकटून भाजते, म्हणून मडक्याच्या अंगात साठा हवाच. त्यासाठी बाहेरून बोट-दीड बोट जाडीचा माती-भुशाचा लेप पुरे. त्यापलीकडे फक्त अडवणारा माल हवा.

बसवताना सुरुवात तळापासून करावी. जमिनीची ओल वर चढली तर चांगली राखही कामातून जाते; म्हणून आधी विटांचा थर, त्यावर कोरडी राख, त्यावर मडके ठेवण्यापुरत्या भाजक्या विटा. बुडाशी असलेले हवेचे तोंड चौकटीतल्या भोकासमोर नीट आले पाहिजे. ते विटांनी बांधून घ्यावे, नाहीतर राख ओघळून वाट बुजते. त्यावर पत्र्याची सरकती झडप असली की रिकाम्या तासात आग दाबून ठेवता येते. एवढ्या लहान पत्र्याने वाचणारे लाकूड पाहून नवल वाटेल.

चारही बाजूंनी चार ते सहा इंच पोकळी सोडून चाळलेली, कोळसा काढून टाकलेली लाकडाची राख भरावी. शहरात मिळाला तर वर्मिक्युलाईट अधिक चांगला. काचलोकर मडक्याला लावू नये, तिचा डिंक जळतो. सिरॅमिकचे ब्लँकेट टिकते, पण कापताना बारीक धूळ अडवणारा मास्क लावावा, नुसते फडके पुरत नाही; त्याची कूस छातीत जाते. राख चार-आठ दिवसांत खाली बसते, तेव्हा पुन्हा भरावी. तोंडाशी सिमेंट नको, ते एवढ्या उष्णतेला भुगा होते. तेथे अग्निमाती आणि भाजकी वीट.

नवे मडके घाईने पेटवू नये. मातीतली ओल वाफ होऊन बाहेर पडायला वेळ लागतो. दोन-तीन दिवस काटक्यांची मंद आग द्यावी. आत पालक, गूळ आणि तेल चोळण्याची जुनी रीत आहे, तीही करावी.

काम जमले की नाही हे पाहायला यंत्र नको. दुपारच्या गर्दीनंतर चौकटीला बाहेरून तळहात लावा. हात ठेववत नसेल तर तुमचे लाकूड रस्ता तापवीत आहे.

काही बंधू विचारतील, आता लाकडाच्या तंदूरवर पैसा घालावा तरी का? जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने मुंबईतील लाकूड-कोळशाच्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत गॅस वा अन्य स्वच्छ इंधनाकडे वळण्यास सांगितले, आणि पुढे महापालिकेच्या नोटिसा तंदूरवाल्या हॉटेलांनाही गेल्या. तो आदेश मुंबईपुरता आहे. पण उद्या वेरुळातही बर्नर लावायची वेळ आली, तरी मडके तेच आणि राखही तीच. सिलिंडर लाकडापेक्षा महाग पडला तर ती राख अधिकच उपयोगी पडेल.