पहिली बासरी घेताना

परीक्षा संपल्या की घराघरांतून एकच प्रश्न निघतो, "सुटीत मुलांना कुठल्या क्लासला घालायचे?" गेल्या वर्षी आमच्या मनीषनगरच्या घरातही तो निघाला आणि दहा वर्षांच्या लेकीने उत्तर देऊन टाकले, "मला बासरी हवी!" टीव्हीवर तिने लांबलचक बासरी पाहिली होती. मीही हौसेने एका प्रदर्शनातून तशीच आणली. चांगली अडीच फुटांची, लाल गोंड्याची!

पंधरा दिवसांत बासरी कपाटावर गेली. "आई, मला नाहीच येणार," म्हणून पोर रडली. मलाही वाटले, नसेल तिच्या अंगात. एक दिवस शेजारचे आजोबा आले. ते भजनी मंडळात वाजवतात. त्यांनी ती बासरी पेटीच्या सुराशी ताडून पाहिली आणि म्हणाले, "सूनबाई, पोरीला कशाला बोल लावता? बासरीच बेसूर आहे. आणि एवढ्याशा बोटांनी ही भोकं झाकली जातील कशी?"

मैत्रिणींनो, साडी घेताना आपण पदर उलगडून, पोत चाचपून घेतो. बासरी मात्र मी गोंडा पाहून घेतली! तुमचे तसे होऊ नये म्हणून हे चार शब्द.

बासरीच का?

सनई, क्लॅरिनेट यांना पत्ती असते. ती सांभाळणे नवशिक्याला जड जाते, आणि सनईचा आवाज फ्लॅटमध्ये म्हणजे शेजाऱ्यांची परीक्षाच! माउथ ऑर्गन लगेच वाजतो, पण आपल्या गाण्यातली मींड त्यावर नीट निघत नाही. बासरीला ना पत्ती, ना चावी. फुंकर मारायचे एक छिद्र आणि बोटांची सहा.

लांबी बोटांवरून ठरवा

मोठी बासरी शास्त्रीय मैफलीत आणली ती पन्नालाल घोष (१९११-१९६०) यांनी. तिचा गंभीर स्वर मोहात पाडतो, पण ती पहिल्या दिवसाची बासरी नव्हे. पेटीच्या पट्ट्यांप्रमाणेच बासरीचे स्वर सांगतात. पांढरी एकची बासरी साधारण दीड फुटाची. लहान मुलांना ती बरी. पांढरी पाचची दोन फुटांच्या आसपास. मोठ्यांनी तिथून सुरुवात करावी. पांढरी तीनची अडीच फुटांची. ती पुढे, हात बसल्यावर. क्लास ठरला असेल तर आधी गुरुजींना विचारावे, कारण सगळ्या मुलांचा स्वर एक लागतो.

दुकानात काय पाहाल?

बांबू सरळ, पातळ भिंतीचा आणि छिद्रांच्या भागात पेर नसलेला हवा. आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीला बांबू उदंड, पण तिथला बहुतेक बांबू जाड भिंतीचा. बासरीसाठी आसामचा बांबू नावाजलेला आहे. बासरी उजेडाकडे धरून बारीक चीर नाही ना, ते पाहा. छिद्रांच्या कडा गुळगुळीत हव्यात.

मग सूर. वरची तीन छिद्रे झाकली की सा, सहाही झाकली की खालचा पंचम. तोच सा जोरकस फुंकरीने वरच्या सप्तकातही सुरात लागला पाहिजे. मोबाइलवर तानपुरा लावून हे ताडता येते. मात्र वाजवणाऱ्या माणसाला सोबत नेणे सर्वांत उत्तम. प्लॅस्टिकच्या नळीची बासरी सुरात असेल तर तिलाही नाक मुरडू नका. ती उन्हाने तडकत नाही.

नागपूरचा उन्हाळा

बांबूची बासरी कोरड्या उष्णतेने तडकते, आणि आपल्याकडचा मे महिना तर ठाऊकच आहे! गच्चीवर, गाडीच्या डिकीत, कूलरच्या झोतासमोर ती ठेवू नये. वाजवून झाल्यावर विणकामाच्या लांब सुईला मऊ कापड गुंडाळून आतून पुसावी. महिन्यातून एकदा आतून मोहरीच्या किंवा बदामाच्या तेलाचा अगदी पातळ हात फिरवावा आणि कापडी पिशवीत ठेवावी.

पहिले काही दिवस नुसती हवाच निघते, बरे का! फार फुंकले तर चक्कर येते. म्हणून दहा मिनिटे वाजवून थांबावे.

लेकीला आता दीड फुटाची बासरी आणली आहे. तिचा सा स्थिर लागतो, रे अजून हलतो. दुपारी ती शाळेत गेली की मीही फुंकून बघते. "या वयात?" असे म्हणू नका. दक्षिणेतल्या सिक्कील भगिनींनी, इकडे देबोप्रिया आणि सुचिस्मिता या बहिणींनी बासरीवर नाव कमावले आहे. आपल्याला मैफल थोडीच गाजवायची आहे? भोंडल्याचे एखादे गाणे वाजले तरी पुष्कळ.

आणि हो, मूल "मला येत नाही" म्हणाले, तर रागावण्याआधी एकदा वाद्य तपासून घ्या.