गिअरबॉक्समधील न निघणारे तेल

ऑटोमॅटिक गिअरबॉक्समधील तेल केवळ वंगण नसते. पंपाच्या दाबाखाली ते क्लच आवळते, उष्णता वाहून नेते आणि टॉर्क कन्व्हर्टरमध्ये, म्हणजे इंजिनाचे फिरते बल द्रवाच्या प्रवाहातून पुढे पोहोचवणाऱ्या बंद भांड्यात, शक्तिवहनही करते. घरी तेल बदलताना अडचण येते ती मुख्यतः याच भांड्यामुळे, कारण तळाचा बोल्ट उघडला तरी त्यातील बहुतांश तेल आतच राहते. एका वेळी 40 टक्के तेल निघते असे धरल्यास, मधे गाडी चालवून केलेल्या तीन बदलांनंतरही सुमारे 22 टक्के जुने तेल उरते.

तापल्यावर तेल प्रसरण पावत असल्याने त्याची पातळी निर्मात्याने सांगितलेल्या तापमानालाच, आणि बहुतेक गाड्यांत इंजिन चालू ठेवून, पाहावी लागते. अशा वेळी गाडीखाली केवळ जॅकच्या भरवशावर शिरणे जिवावर बेतू शकते. तेलाचा प्रकार पुस्तिकेत दिलेलाच हवा, कारण क्लचची पकड किती हळुवार बसावी हे त्यातील घर्षण नियंत्रित करणारी रसायने ठरवतात. याच कामासाठी अमेरिकेत 1970 च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत स्पर्म जातीच्या देवमाशाचे तेल वापरले जाई.