बाकड्यावरची आजी

आज आपण आफ्रिकेतल्या झिंबाब्वे देशात जाणार आहोत. तिथल्या शोना भाषेत एक शब्द आहे, ‘कुफुंगिसिसा’. म्हणजे फार विचार करणं. झोप लागत नाही, जेवण जात नाही, डोकं भणभणतं. आपण म्हणतो ना, जिवाला घोर लागलाय, तेच हे.

या देशात मानसोपचारतज्ज्ञ बोटांवर मोजण्याएवढे. डॉ. डिक्सन चिबांडा त्यांच्यापैकी एक. त्यांच्या एका तरुण रुग्ण मुलीनं जीव दिला. दवाखान्यात यायला तिच्याकडे बसभाडं नव्हतं. तेव्हा डॉक्टरांनी ठरवलं, माणूस दवाखान्यापर्यंत येत नसेल, तर उपचारानं वस्तीत जायला हवं.

पण करायचं कसं? पैसा नाही, नर्सना फुरसत नाही, दवाखान्यात खोली रिकामी नाही. मग २००६ मध्ये हरारे शहरातल्या म्बारे वस्तीत १४ आज्या पुढे आल्या. या आधीपासून आरोग्याचं काम करायच्या, आपल्याकडच्या आशाताईंसारख्या. खोली नाही, म्हणून दवाखान्याच्या आवारात झाडाखाली बाकडं टाकलं. त्याला नाव मिळालं ‘मैत्रीचं बाकडं’.

आजी काय करते? आधी १४ साधे प्रश्न विचारते. मग ऐकते. या पहिल्या पायरीला त्या म्हणतात ‘मन उघडणं’. बाई आपल्या सगळ्या अडचणी सांगते. त्यातली एकच अडचण ती स्वतः निवडते आणि काय करता येईल तेही स्वतःच ठरवते. आजी हुकूम सोडत नाही. ठरवलेलं करून बाई पुन्हा येते. अशा साधारण सहा भेटी होतात. नंतर या बाया गटात जमतात आणि टाकाऊ प्लॅस्टिकच्या पिशव्या विणता विणता बोलतात.

याचा खरंच उपयोग होतो का? तेही तपासलं गेलं. हरारेतल्या २४ दवाखान्यांत ५७३ रुग्णांचा अभ्यास झाला आणि २०१६ मध्ये तो प्रसिद्ध झाला. सहा महिन्यांनी, दवाखान्याचे नेहमीचे उपचार घेतलेल्या शंभरातल्या सुमारे ५० जणांत उदासीची लक्षणं होती. बाकड्यावर बसलेल्या शंभरात ती सुमारे १४ जणांतच उरली होती.

यात आपल्या गोव्याचाही धागा आहे. ते १४ प्रश्न तयार करण्यात डॉ. विक्रम पटेल होते. त्यांनी पुढे गोव्यात ‘संगत’ संस्था उभारली आणि तिथेही गावातल्या साध्या माणसांना शिकवून हे काम झालं.

आम्ही बचत गटांत फिरतो, तेव्हा हप्ता थकला की बाई बैठकीला यायची बंद होते, हे दिसतं. वहीत तिच्या नावापुढे ‘गैरहजर’ लागतं. हप्त्याआधी तिची विचारपूस व्हायला हवी. दोघींनी जाऊन बसावं, मध्ये न तोडता ऐकावं, ऐकलेलं बाहेर बोलू नये.

एक लक्षात ठेवा. त्या आज्यांनी शिक्षण घेतलं होतं आणि त्यांच्यामागे दवाखाना होता. म्हणून आजार आपण ठरवायचा नाही. कुणी ‘जगून काय करू’ म्हणाली, तर तिला एकटं सोडू नका. आशाताईंना सांगा, आरोग्य केंद्रात सोबत जा. टेलिमानसचा १४४१६ हा नंबर मोफत आहे. तो आजच गटाच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.