पांढऱ्या साडीला निळा काठ

बुद्धपौर्णिमा जवळ आली, की आमच्या वस्तीत पांढऱ्या साड्या पेटीतून बाहेर निघतात. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला धम्मदीक्षा झाली, तेव्हा आपल्या आया-आज्या पांढरी लुगडी नेसून गेल्या होत्या. ती रीत आजही टिकून आहे. कोऱ्या पांढऱ्या साडीवर फॅब्रिक पेंटने निळा काठ किंवा पिंपळपान काढून देण्याचे काम घरबसल्या करता येते. या कामाविषयी आम्ही जे सांगणार आहोत, ते ठेच लागून शिकलेले आहे.

काही वर्षांपूर्वी आम्ही वस्तीतल्या बायांना हे काम सुचविले. दिवसभर विड्या वळणाऱ्या या बाया. हात स्थिर, नजर पक्की. त्यांनी बारा साड्या रंगविल्या. नक्षी देखणी झाली, साड्या हातोहात गेल्या. आठवड्याने एक ताई साडी घेऊन आमच्या दारात उभी!

“भाऊ, सारा रंग बादलीत उतरला न जी. आता गिऱ्हाइकाला काय सांगू?”

बारापैकी सात साड्या परत आल्या. पैसे परत करावे लागले. दोष रंगाचा नव्हता, बायांचा तर नव्हताच. कार्यक्रमाची तारीख गाठायची म्हणून घाई आम्हीच केली होती.

रंग का सुटतो?

टसरचे सूत रंगवायचे तर ते गरम रंगाच्या पाण्यात बुडवतात. तो रंग धाग्याच्या आत शिरतो. आपल्या आंधळगाव-मोहाडीकडच्या विणकरांना हे सांगायला नको. फॅब्रिक पेंट मात्र धाग्याला वरून चिकटतो. त्यातला अॅक्रिलिकचा चिकट अंश रंगाला धरून ठेवतो आणि उष्णता मिळाली की तो पक्का होतो. कोऱ्या कापडाला खळ असते. खळीवर रंग दिला तर तो कापडाला धरतच नाही; पहिल्या धुण्यात खळीबरोबर निघून जातो. आमचे नेमके हेच झाले.

मग करावे कसे?

साडी सुती घ्यावी. नायलॉन-पॉलिएस्टरवर रंग तितका टिकत नाही. आधी साबणाने धुऊन खळ काढावी, वाळवून इस्त्री करावी. खाली जुने वर्तमानपत्र किंवा पुठ्ठा घालावा. साच्यासाठी दवाखान्यातली जुनी एक्स-रे फिल्म उत्तम. ब्लेडने कापावी आणि स्पंजच्या तुकड्याने रंग टिपत जावा. रंगात पाणी फार घालू नये, कडा फुटतात. उन्हाळ्यात उघड्या डबीतला रंग लवकर घट्ट होतो, म्हणून थोडा थोडा काढून झाकण लावावे.

रंगवून झाल्यावर साडी एक पूर्ण दिवस सावलीत वाळवावी. मग उलट्या बाजूने गरम इस्त्री फिरवावी. ही इस्त्री टाळली तर सगळी मेहनत पाण्यात जाते. त्यानंतर तीन दिवस साडी धुऊ नये. पुढेही ती उलटी करून साध्या साबणाने धुवावी, ब्रश लावू नये. गिऱ्हाइकाला हे चिठ्ठीवर लिहून द्यावे. टसरवर काम करायचे तर आधी कोपऱ्यावर पाहून घ्यावे आणि इस्त्री मंद ठेवावी.

हाच रंग मातीच्या कुंडीवर, लाकडी पाटीवरही चालतो. लाकूड आधी पॉलिशपेपरने घासावे, माती कोरडी असावी. जेवणाच्या भांड्यांना मात्र लावू नये.

नक्षी आपल्याच मातीतली

नक्षीसाठी बाजारच्या पुस्तकातली फुलेच कशाला? आपल्या जिल्ह्यात पवनी आहे. १९६९-७० साली तेथे जगन्नाथ टेकडीवर उत्खनन झाले आणि दोन हजार वर्षांहून जुना स्तूप उजेडात आला. त्याच्या दगडी कठड्यावर शिल्पे कोरलेली आहेत. दगडातून असे काम काढणारे हात आपल्याच भागात राबले. मुलींना एकदा पवनी दाखवा, वही-पेन्सिल बरोबर द्या.

भिंतीवरच्या कापडी पताकेसाठी अशोकचक्र काढायचे असेल, तर गोल कागदाची तीनदा निम्मी घडी घालावी, मग त्या घडीचे तीन सारखे भाग करावेत. उलगडल्यावर चोवीस आऱ्यांच्या खुणा मिळतात. कंपासपेटी लागत नाही.

हिशोबाची वही

आम्ही पेशाने कारकून, म्हणून शेवटी हिशोब. समजा, साडी ३०० रुपयांची, रंग ६० रुपयांचा, इतर खर्च १० रुपये. साडी ४५० ला विकली. ताई म्हणते, ८० रुपये सुटले. पण काम सहा तासांचे! म्हणजे तासाला जेमतेम १३ रुपये. ताशी ५० रुपये धरले असते, तर तीच साडी ६७० ला द्यायला हवी होती. विडीच्या कामात मोल दुसरा ठरवतो. येथे ते ठरविण्याची संधी आपल्याला आहे, आणि आपणच आपले हात फुकट धरतो.

भगिनींनो, वहीत साडीच्या आणि रंगाच्या रकान्याशेजारी श्रमाचा तिसरा रकाना आखा. तो कोरा ठेवू नका.

त्या ताईने पुढच्या खेपेस सर्व साड्या आधी धुतल्या. तारीख जवळ आली तशी आम्ही पुन्हा घाई करू लागलो. तेव्हा ती म्हणाली, “भाऊ, इस्त्री झाल्याबगैर एक साडी घराबाहेर जाणार नाही.” त्या वर्षी एकही साडी परत आली नाही.